स्वतःविषयीचे शब्द : सारखे वाटणारे, पण वेगळे

• आत्मसन्मान : माणूस म्हणून आपले मोल आहे ही भावना. ती केवळ गुणपत्रिकेवर ठरत नाही.

• आत्मविश्वास : एखादे काम जमेल ही खात्री. गणितात असेल, पोहण्यात नसेल. आत्मसन्मानाशी याची गल्लत सहज होते.

• अहंकार : यात दुसऱ्याला कमी लेखणे येते.

• न्यूनगंड : आपण इतरांहून उणे, ही मनात घर करून बसलेली समजूत. संकल्पना आल्फ्रेड आडलर यांच्या मानसशास्त्रातली.

• १८९० : मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचे आत्मसन्मानाचे सूत्र. आत्मसन्मान = यश ÷ अपेक्षा. म्हणजे यश तेवढेच राहून अपेक्षा घटली, तरी उत्तर वाढते!

• १९६५ : समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांची आत्मसन्मान मोजण्याची मोजपट्टी. विधाने १०, त्यांपैकी ५ नकारार्थी. मूळ पाहणी न्यूयॉर्क राज्यातील हायस्कूलच्या विद्यार्थ्यांची.