भिंतीवरचा बेडूक पाळीव आहे का? नाव देण्याआधी काय बघायचं



पाऊस सुरू झाला की मला हमखास बेडकांचे फोटो येतात. यंदा पहिला फोटो एका ज्युनियरचा. इथलंच, संभाजीनगरातलं घर, बाथरूमची टाइल आणि तिला चिकटलेला फिकट, जवळजवळ पांढरा बेडूक. खाली प्रश्न: "दादा, हा ऑस्ट्रेलियाचा व्हाइट्स ट्री फ्रॉग वाटतोय. कुणाचा पाळलेला सुटला असेल का? नोंद टाकू?"

मी म्हटलं, थांब. 'मराठवाड्यात परदेशी बेडूक' अशी नोंद एकदा गेली की पुढे कुणीतरी ती खरी धरून वापरतो. चूक आपली, पण ती निस्तरायची दुसऱ्याने.

त्याची फसगत दोन गोष्टींनी झाली होती. तुमचीही होऊ शकते, म्हणून नीट बघू.

पहिली, बोटांवरच्या गोल चकत्या. पाळायला विकले जाणारे बहुतेक झाडबेडूक हायलिडी आणि त्याच्या जवळच्या कुळांतले. आपल्याकडचे ऱ्हॅकोफोरिडी कुळातले. भारतात हायला फक्त ईशान्येकडे मिळतो. दोन्हीकडे बोटांना चकत्या आहेत, शेवटच्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा जादा तुकडाही आहे. पण हे दोन्हीकडे स्वतंत्रपणे घडलंय. म्हणजे चकती सांगते की प्राणी चढतो. तो कुणाचा नातेवाईक आहे, हे ती सांगत नाही.

दुसरी, रंग. तोच बेडूक रात्री तपकिरी आणि दिवसा फिकट दिसू शकतो. आपल्या पॉलिपीडेट्स मॅक्युलेटसला इंग्रजीत चुनाम फ्रॉगही म्हणतात. चुनाम म्हणजे आपला चुनाच! त्यामुळे रंगावरून नाव ठरवू नका.

मग बघायचं काय?

व्हाइट्स ट्री फ्रॉग: अंगाने गुबगुबीत, डोळ्यामागून कानावर उतरणारी जाड मांसल घडी, बाहुली आडवी. मोठी मादी १० सेंटिमीटरच्या आसपास.

लाल डोळ्यांचा, म्हणजे अगॅलिक्निस कॅलिड्रायस: बाहुली उभी, कुशीवर निळे-पिवळे पट्टे.

अमेरिकन हिरवा: सडपातळ, बहुधा ओठापासून कुशीवर गेलेली फिकट रेघ.

आपला पॉलिपीडेट्स: लांब पाय, बाहुली आडवी, डोळ्यामागून खांद्याकडे गडद पट्टा. आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे मांडीच्या मागे गडद रंगावर पिवळे गोल ठिपके.

जवळ पाणी असेल तर अंडीही शोधा. पॉलिपीडेट्स पाण्यावर लोंबणाऱ्या फांदीला किंवा टाकीच्या कडेला फेसाचं घरटं करतो. लाल डोळ्यांचा पानावर जेलीतली अंडी घालतो, व्हाइट्स सरळ पाण्यात.

ज्युनियरला सांगितलं, बेडूक पाय लांब करेल तेव्हा मांडीचा फोटो काढ. तासाभराने फोटो आला. पिवळे ठिपके स्पष्ट! पाहुणा नव्हता, घरचाच होता.

पण प्रत्येक वेळी इतकं सोपं नसतं. घाटातले राओर्केस्टीस गटातले छोटे झुडूपबेडूक फोटोवरून वेगळे करणं अवघड. तिथे नराचा आवाज, मोजमापं आणि डीएनए एकत्र लागतात. महाराष्ट्राच्या सह्याद्रीतल्या राओर्केस्टीस घाटेईचं शास्त्रीय वर्णनसुद्धा थेट २०१३ साली झालं. खात्री नसेल तर फक्त वंशाचं नाव लिहून 'प्रजाती अनिश्चित' अशी नोंद करा. त्यात कमीपणा नाही. अर्धवट पण खरी नोंद पुढे दुरुस्त करता येते.

आणि समजा, बेडूक खरंच परदेशी निघाला तर? त्याला सलीम अली सरोवरात किंवा हिमायत बागेत सोडून 'मोकळं' करू नका. बेडकांचा जीव घेणारी कायट्रिड बुरशी जगभर पसरण्यात प्राण्यांच्या व्यापाराचा मोठा हात आहे. वनविभागाला कळवा. अगॅलिक्निस वंश २०१० पासून साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी करावी लागते.

आज रात्री टॉर्च घेऊन अंगणात एक चक्कर मारा. बेडूक दिसला तर हात लावू नका. चार फोटो घ्या: वरून, बाजूने, डोळा, मांडी. शेजारी पट्टी, वहीत वेळ आणि जागा. नाव सगळ्यात शेवटी लिहा.