सहा इंचांचे स्पिटफायर

खेळण्यातील विमान आणि विमानाची प्रतिकृती या दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांची जात निराळी आहे. खेळण्याला दोन पंख असले, पुढे पंखा असला आणि ते हातात धरून घरभर फिरविता आले, म्हणजे झाले. त्याचे पंख आखूड आहेत की शेपटी जाड आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. प्रतिकृतीचे तसे नसते. मूळ विमानाचे प्रत्येक माप एकाच संख्येने भागून जी वस्तू घडविली जाते, तिलाच प्रतिकृती म्हणावयाचे. तो भाजक एकदा ठरला, की तेथे कोणाच्याही लहरीला जागा उरत नाही.

विमानांच्या प्रतिकृतींसाठी ३२, ४८, ७२, १४४ असे अनेक भाजक रूढ आहेत. त्यांपैकी ७२ हा फार परिचित आहे. ही संख्या प्रथमदर्शनी विचित्र वाटते. परंतु तिचे मूळ फूट आणि इंच यांच्या हिशेबात आहे. सहा फुटांचे ७२ इंच होतात. त्यामुळे मूळ विमानातील सहा फुटांसाठी प्रतिकृतीत बरोबर एक इंच धरावा लागतो, आणि सहा फूट उंचीचा धिप्पाड वैमानिक एका इंचाचा होऊन आपल्या आसनावर बसतो.

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत ज्याच्या प्रतिकृती हौशी कारागिरांनी पुनःपुन्हा बनविल्या, असे एक विमान म्हणजे ब्रिटनचे स्पिटफायर. रेजिनाल्ड मिचेल या अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली त्याचा आराखडा तयार झाला आणि ५ मार्च १९३६ रोजी साउदॅम्प्टनजवळच्या ईस्टली येथील धावपट्टीवरून त्याने पहिले उड्डाण केले. मिचेल त्या वेळी दुर्धर रोगाने ग्रस्त होता. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४२ व्या वर्षी, त्याचा अंत झाला. आपले विमान लढाऊ पथकात दाखल झालेले त्याला पाहावयास मिळाले नाही. त्यानंतर त्या जातीची २०,००० हून अधिक विमाने बांधली गेली. पातळ, लंबवर्तुळाकार पंख ही या विमानाची खूण. आकाशात ते वळले, की त्या पंखांची कडा एखाद्या पानाच्या कडेसारखी दिसे.

आरंभीच्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच आणि लांबी २९ फूट ११ इंच होती. या मापांना ७२ ने भागले, म्हणजे सहा इंचांहून किंचित अधिक विस्ताराचे आणि सुमारे पाच इंच लांबीचे विमान तयार होते. येथे गणिताची एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. लांबी ७२ पट घटली, की क्षेत्रफळ ७२ गुणिले ७२, म्हणजे ५,१८४ पट घटते. म्हणून २४२ चौरस फुटांचा पंखांचा प्रचंड पृष्ठभाग प्रतिकृतीत पावणेसात चौरस इंचांपेक्षाही कमी जागेत मावतो. घनफळ तर ३,७३,२४८ पट घटते. अडीच टनांहून अधिक वजनाचे ते सज्ज विमान याच हिशेबाने लहान केले, तर त्याचे वजन आठ ग्रॅमही भरणार नाही.

पूर्वी अशा प्रतिकृती लाकडातून कोरून काढाव्या लागत. १९३६ साली ब्रिटनमध्ये ‘फ्रॉग’ या कंपनीने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे संच विक्रीस आणले. १९५३ साली ‘एअरफिक्स’ या कंपनीचा स्पिटफायरचा संच दोन शिलिंगांना मिळू लागला, तेव्हा ही हौस सामान्य घरांतील मुलांच्याही आवाक्यात आली. अशा संचाची पेटी उघडली, की आत विमान दिसत नाही. दिसतात त्या प्लॅस्टिकच्या बारीक काड्यांच्या चौकटी आणि त्यांना झाडाच्या फांदीला फळे लागावीत तसे चिकटलेले लहानमोठे तुकडे. पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने घालून हे तुकडे पाडलेले असतात. साच्यातून ते सहज सुटावेत म्हणून वापरलेल्या द्रव्याचा तेलकट अंश कधीकधी त्यांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. म्हणून कुशल कारागीर प्रथम सर्व तुकडे साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवितो. अधीर माणूस हे करीत नाही आणि पुढे रंगाचे पापुद्रे निघू लागले, की नशिबाला दोष देतो.

तुकडे चौकटीपासून हाताने पिळून तोडावयाचे नसतात. धारदार सुरीने ते अलगद कापतात आणि राहिलेला उंचवटा बारीक कानशीने व काचकागदाने घासून काढतात. सुरीची धार नेहमी बोटांपासून दूर जाईल अशी धरतात. लहान मुलांनी तर मोठ्या माणसाला जवळ बसवूनच हे काम करावे. प्लॅस्टिक जोडावयाचा द्रव हा खळीसारखा किंवा डिंकासारखा नसतो. डिंक दोन पृष्ठभागांच्या मध्ये राहून त्यांना धरून ठेवतो. हा द्रव मात्र दोन्ही कडा किंचित विरघळवितो, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला, की तेथे जणू एकच तुकडा होऊन राहतो. त्याची वाफ उग्र असल्यामुळे खिडक्या उघड्या ठेवून काम करणे आवश्यक असते. शिवाय त्याचा एक थेंब भलत्या जागी पडला, तर गुळगुळीत पृष्ठभागावर कायमचा डाग उमटतो.

विमानाची बांधणी आतून बाहेर होत जाते. प्रथम वैमानिकाची कोठडी सिद्ध करावी लागते. कारण धडाचे दोन अर्धे भाग एकदा जोडले, की आत कुंचला पोहोचत नाही. आसन, सुकाणूची दांडी, समोरची मापकांची फळी हे सारे नखाएवढ्या जागेत करडट हिरव्या आणि काळ्या रंगांनी रंगवावे लागते. हे काम पुढे काचेच्या आच्छादनाखाली जवळजवळ झाकून जाते. तरीही चांगला कारागीर त्यात कुचराई करीत नाही. त्यानंतर धड जोडावयाचे, आणि मग पंख. स्पिटफायरचे पंख अगदी आडवे नाहीत; मुळाकडून टोकाकडे जाताना ते सुमारे ६ अंशांनी वर उचललेले आहेत. पुठ्ठ्यावर तो कोन आखून, पुठ्ठा कापून, त्याच्या आधाराने पंख सुकू दिले, तरच दोन्ही बाजू सारख्या राहतात. एक पंख वर आणि एक खाली असे झाले, तर बाकीची सारी कारागिरी वाया जाते.

प्रमाणाचा खरा कस लागतो तो पातळपणात. साच्यातून निघालेल्या पंखाची मागची कडा एक मिलिमीटर जाड असेल, तर ती मूळ विमानात ७२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच होईल! खऱ्या पंखाची कडा तर फारच बारीक होती. म्हणून ती आतल्या बाजूने घाशीत घाशीत कागदासारखी करावी लागते. रिव्हेटांचेही तसेच. जुन्या संचांत पंखांवर मोहरीसारखे उंचवटे ठेवून रिव्हेट दाखवीत असत. पाव इंच व्यासाचे डोके ७२ पट लहान केले, तर ते एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान होते. ते डोळ्यांना दिसूच नये. मग हे उंचवटे खरडून काढणेच योग्य.

स्पिटफायरच्या बाबतीत तर त्याला आणखी एक कारण आहे. त्याच्या पंखांवरील रिव्हेटांची डोकी पृष्ठभागाच्या समपातळीत बसविलेली होती, कारण उंचवट्यांमुळे हवेचा अडथळा वाढतो. परंतु असे रिव्हेट बसविण्यास वेळ व खर्च अधिक लागे. साधे गोल डोक्याचे रिव्हेट कोठे चालतील, हे ठरविण्यासाठी अभियंत्यांनी चाचणीच्या विमानावर एक मजेदार प्रयोग केला. त्यांनी प्रत्येक रिव्हेटवर वाटाण्याच्या डाळीचा एकेक दाणा चिकटविला आणि विमान उडविले. त्याचा वेग ताशी २२ मैलांनी घटला. मग एकेका भागावरील डाळ काढून पुनःपुन्हा उड्डाणे केली, तेव्हा कोणत्या जागी गुळगुळीतपणा अत्यावश्यक आहे आणि कोठे थोडे खडबडीत चालेल, हे कळून आले. स्वयंपाकघरातील डाळीने विमानशास्त्राची अशी सेवा क्वचितच केली असेल.

इतका काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न साहजिकच पडतो. एके काळी या प्रश्नाचे उत्तर फार गंभीर होते. ब्रिटनने ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्ध पुकारले. तिसऱ्याच दिवशी, ६ सप्टेंबरला, शत्रूची विमाने येत असल्याची चुकीची सूचना मिळाली आणि निरनिराळ्या तळांवरून लढाऊ विमाने आकाशात झेपावली. आकाशात शत्रू नव्हताच. ७४ क्रमांकाच्या पथकातील स्पिटफायर विमानांनी ५६ क्रमांकाच्या पथकातील दोन हरिकेन विमाने जर्मन समजून पाडली. एक तरुण वैमानिक ठार झाला. स्पिटफायरने युद्धात पाडलेले पहिले विमान स्वपक्षाचे होते. विमान ताशी तीनशे मैलांच्या वेगाने समोर येते, तेव्हा विचार करावयास दोन-चार क्षणच मिळतात. तेवढ्यात पंखांची टोके गोल आहेत की चौकोनी, नाक आखूड आहे की लांब, हे ओळखता आले पाहिजे. स्पिटफायरच्या पंखांची टोके निमुळती गोल, तर त्या काळच्या मेसरश्मिट १०९ या जर्मन विमानाची जवळजवळ कापल्यासारखी सरळ होती. एवढ्याशा फरकावर माणसाचे प्राण अवलंबून असत.

ही ओळख शिकविण्यासाठी चित्रांपेक्षा प्रतिकृती अधिक उपयोगी पडतात, कारण त्या वरून, खालून, समोरून, कोणत्याही बाजूने पाहता येतात. १९४२ च्या प्रारंभी अमेरिकेच्या नौदलाने देशातील शाळांना एक विनंती केली. मित्रराष्ट्रांच्या व शत्रूच्या मिळून ५० प्रकारच्या विमानांच्या, प्रत्येकी १०,००० याप्रमाणे, ५ लाख प्रतिकृती विद्यार्थ्यांनी लाकडातून बनवून द्याव्या, अशी ती विनंती होती. प्रमाण ७२ चेच होते. शाळांच्या हस्तव्यवसायाच्या वर्गांत मुले आराखड्यावरून लाकूड कोरू लागली. तयार प्रतिकृतीची बाह्यरेषा तपासली जाई आणि ती चुकली असेल, तर विमान नाकारले जाई. पंखाचे टोक चुकीचे कोरले गेले, तर तेच चुकीचे टोक सैनिकाच्या डोळ्यांत ठसणार, हे उघड होते. या प्रतिकृती केवळ काळ्या रंगाने रंगविलेल्या असत. कारण दूरच्या विमानाचा रंग नव्हे, तर आकृती दिसते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती जवळजवळ अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसे.

शांततेच्या काळातील कारागिराला मात्र रंगांचा अभ्यास करावाच लागतो. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर लढलेल्या स्पिटफायरच्या पाठीवर गडद हिरव्या आणि मातकट तपकिरी रंगांचे पट्टे होते, म्हणजे वरून पाहणाऱ्याला ते शेतजमिनीत मिसळून जावे. पोट फिक्या हिरवट आकाशी रंगाचे होते. १९४१ च्या ऑगस्टपासून तपकिरीची जागा समुद्रासारख्या करड्या रंगाने घेतली. म्हणून कोणत्या वर्षाचे विमान करावयाचे, हे आधी ठरविल्याशिवाय डबी उघडता येत नाही. रंगही मुळाहून किंचित फिका घेतात. हातभर अंतरावरची प्रतिकृती म्हणजे बऱ्याच दूरचे विमान, आणि तेवढ्या अंतरातील हवा प्रत्येक रंगावर धूसर छटा चढविते.

पंखांवरील वर्तुळचिन्हांतही इतिहास दडलेला आहे. ब्रिटिश चिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांवरही लाल गोलच असल्यामुळे आग्नेय आशियातील रणक्षेत्रात घाईच्या क्षणी घोटाळा होण्याचे भय होते. म्हणून तेथे लाल रंग काढून टाकून गडद निळ्या वर्तुळात फिका निळा ठिपका ठेवण्यात आला. भारतीय वायुदलाच्या ८ क्रमांकाच्या पथकाला १९४४ साली स्पिटफायर विमाने मिळाली आणि ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. त्या पथकाचे विमान बनविताना जर कोणी लाल ठिपका रंगविला, तर जाणकाराच्या दृष्टीने ते विमान भारतीय पथकाचे राहत नाही. ब्रिटिश वायुदलाचे १३२ क्रमांकाचे पथक तर ‘सिटी ऑफ बॉम्बे’ या नावाने ओळखले जाई आणि त्याच्याकडेही स्पिटफायरच होती.

रंग वाळला, चिन्हे बसली, काचेचे आच्छादन चढले, तरी एक गोष्ट ठरवावयाची राहतेच. आरंभीच्या स्पिटफायरच्या पंखांत आठ मशिनगन होत्या. थंडीने व धुळीने त्या अडू नयेत म्हणून उड्डाणापूर्वी त्यांच्या तोंडांवर लाल कापडाचे तुकडे चिकटवीत. पहिली गोळी सुटताच ते तुकडे फाटून जात आणि पंखाखाली काजळीचे पट्टे उमटत. विमान तळावर परतले, की खाली वाट पाहत उभे असलेले यंत्रकारागीर प्रथम त्या तोंडांकडे पाहत, आणि वैमानिक खाली उतरण्यापूर्वीच त्यांना कळून चुके, की आज आकाशात लढाई झाली. प्रतिकृती करणाऱ्याच्या हातात या वेळी लाल रंगाचा एक थेंब आणि काजळीची चिमूट असते. दोहोंपैकी एकच वापरता येते.