परिषद आणि बैठक

इंदापूरच्या बाजारपेठेत ज्यांची तिसरी-चौथी पिढी गल्ल्यावर बसते, अशा घरांत लिहिणारी माणसे कमी नाहीत. चातुर्मासातील निबंधस्पर्धा, पर्युषणातील स्तवने, आजोबांच्या स्मरणार्थ काढलेली पुस्तिका यांतून ती दिसतात. परंतु लिहिलेले कोणाला दाखवावे असा प्रश्न आला की बहुधा दोनच वाटा सुचविल्या जातात. पुण्यातील एखाद्या साहित्यसंस्थेचे सभासद व्हावे, नाहीतर पदरचे पैसे घालून पुस्तक छापावे. तिसरीही एक वाट आहे. ती जुनी आहे आणि एका जैन व्यापाऱ्यानेच ती चालून दाखविली आहे.

बनारसीदासांचा जन्म १५८६ साली जौनपूरच्या एका श्रीमाळ कुटुंबात झाला. व्यापार त्यांना फारसा साधला नाही. आग्र्यात भांडवल बुडाले, घरातील वस्तू विकून दिवस काढण्याची वेळ आली. त्या दिवसांत ते रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये वाचून दाखवीत आणि दहा-वीस माणसे ऐकायला येत. त्यांतच एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या घेत. आपल्याजवळ पैसा नाही, हे त्यांनी त्याला उघडपणे सांगितले, तरीही त्याने उधारी चालू ठेवली. पुढे पैसे हाती येताच त्यांनी ती चुकती केली. त्या बैठकीला ना सभासद होते ना वर्गणी, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा येणारे श्रोते होते.

त्याआधीची एक गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. किशोरवयात त्यांनी शृंगाराचे एक मोठे काव्य रचले होते. गोमतीच्या पुलावर मित्रांना ते वाचून दाखवीत असता, आपण सारे खोटे लिहिले आहे असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी ती पोथी नदीत टाकली. मित्र हळहळले. एकांतात कदाचित ती पोथी तशीच राहिली असती. मोठ्याने वाचताना आपले शब्द आपल्याच कानांवर पडतात.

मात्र लहान बैठकीचे दोषही त्यांच्याच आत्मचरित्रात नोंदलेले आहेत. ‘समयसार’ हा ग्रंथ त्यांनी राजमल्ल यांच्या टीकेच्या आधारे वाचला, परंतु अर्थ उलगडून सांगणारा कोणी जवळ नव्हता. धर्मक्रियांवरची श्रद्धा उडाली. मित्रांसह बंद खोलीत मुनींची सोंगे काढून नाचण्यापर्यंत मजल गेली. सगळे एकाच मताचे, चूक दाखवणार कोण? पुढे पंडित रूपचंद आग्र्याला आले, त्यांनी ‘गोम्मटसारा’चे विवरण केले, तेव्हा ही मंडळी ताळ्यावर आली. त्यानंतर १६३६ साली ‘समयसार नाटक’ आणि १६४१ साली ‘अर्धकथानक’ पूर्ण झाले. आपली फजिती इतक्या मोकळेपणाने लिहिणारा व्यापारी विरळाच.

आता पुण्याकडे पाहावे. महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ साली स्थापन झाली. ग्रंथालय, पत्रिका, पुरस्कार ही कामे संस्थेवाचून होत नाहीत, आणि ती क्षुल्लक नव्हेत. परंतु भरलेल्या सभागृहात तुमचे तिसरे वाक्य सैल आहे असे कोणी सांगत नाही. तेथे हार असतो, आभारप्रदर्शन असते. त्याच पुण्यात १९२३ साली काही तरुण कवी रविवारी एकत्र जमून एकमेकांना कविता वाचून दाखवू लागले. तेच रविकिरण मंडळ. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’त त्यांची यथेच्छ टर उडविली, तीही सर्वस्वी अकारण नव्हती. तरीही त्या मंडळातील माधव जूलियन, ग. त्र्यं. माडखोलकर, यशवंत आणि वि. द. घाटे हे चौघे अनुक्रमे १९३६, १९४६, १९५० आणि १९५३ च्या साहित्य संमेलनांचे अध्यक्ष झाले. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन. परिषदेच्या पुण्यातील सभागृहाला आज त्यांचेच नाव आहे.

इंदापुरात अशी बैठक भरविणे अवघड नाही. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपलेल्या घरांत सायंकाळ मोकळीच असते. पाच-सात जण, प्रत्येकाचे एक पान, तेही मोठ्याने वाचायचे. आपल्या शास्त्रांत स्वाध्यायाच्या पाच अंगांत वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना आहे, तोच क्रम येथे पाळावा. वाहवा नंतर, आधी प्रश्न. दुकान कोणत्या साली उघडले? पहिला माल कोठून आला? वही कोण लिहीत असे? आणि आपल्यापेक्षा अधिक वाचलेला एक तरी माणूस, मग तो शाळेतील निवृत्त मराठीचा शिक्षक असो, तेथे हवाच. रोकड मोजणाऱ्यानेच हिशेब तपासला तर काय होते, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

विषयाची तर वाण नाही. याच तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी माळरानावर वालचंदनगर उभे केले. १९८० च्या सुमारास भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. त्या गावांत ज्यांनी तराजू हाती धरला होता, ती माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. संमेलनाचे निमंत्रण त्यांना येणार नाही, आणि आले तरी ती जाणार नाहीत. शेजारच्या ओसरीवर मात्र ती येतील. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या पळसदेवचे देऊळ उघडे पडते. तेव्हा काठावर उभे राहून, पेठ या अंगाला होती, असे बोटाने दाखविणारे अजून काही जण आहेत.