पांढरी दोरी आणि सिमेंटचे पत्रे

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पदरात घ्या. विषय मात्र घराजवळचा आहे, म्हणून मराठीतच लिहायचं ठरवलं.

माझं गाव नागोठणे. मुंबई-गोवा हायवेने पेण सोडलं की पुढे अंबा नदीच्या काठी लागतं ते. आमच्याकडे पेट्रोकेमिकल कॉम्प्लेक्स, रोह्याला धाटावची एमआयडीसी, त्यामुळे दर चार घरांमागे एखादा फिटर, वेल्डर, नाहीतर लॅगिंगवाला सापडतोच. लॅगिंग म्हणजे गरम पाइपांवर इन्सुलेशन चढवायचं काम. आमचे शेजारचे काका त्यातलेच. कंत्राटदाराबरोबर या राज्यातून त्या राज्यात शटडाऊनची कामं करत त्यांनी पंचवीस वर्षं काढली. हल्ली जिना चढताना त्यांना धाप लागते. दिवाळीत मी सहज विचारलं, "काका, तेव्हा लॅगिंगला काय वापरायचात?" ते म्हणाले, "पांढरी दोरी आणि पावडर. पावडर हातानेच कालवायची, भाकरीच्या पिठासारखी."

ती पांढरी दोरी म्हणजे बहुतेक ॲस्बेस्टॉस. हे खनिज आहे, म्हणजे चक्क दगड, पण कापसासारखं पिंजता येतं. जळत नाही, गंजत नाही, ॲसिडलाही बऱ्यापैकी दाद देत नाही, वर स्वस्त. इंजिनिअरला आणखी काय हवं? म्हणूनच ते ब्रेक लायनिंगमध्ये, गॅस्केटमध्ये, बॉयलरवर, छपरावर, सगळीकडे गेलं. आपल्या वर्कशॉपच्या पुस्तकांत 'सीएएफ गॅस्केट' वाचलंय ना? त्यातला 'ए' हाच.

गोची अशी, की हे तंतू उभे चिरत जातात. चिरता चिरता इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि तासन्‌तास हवेत तरंगतात. श्वासातून थेट फुप्फुसाच्या टोकाला पोचतात. तिथल्या सफाई कामगार पेशी त्यांना गिळायला बघतात, पण दगड पचणार कसा? पेशी मरतात, जागा सुजते, मग तिथे व्रण धरतो. हे वर्षानुवर्षं चाललं की फुप्फुस स्पंजासारखं न राहता चामड्यासारखं कडक होतं. हा ॲस्बेस्टॉसिस. तो बरा होत नाही. शिवाय फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हे दोन आहेतच. सिगरेट ओढणाऱ्याला कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढतो (हॉस्टेलच्या गच्चीवरची मंडळी, वाचताय ना?).

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे वेळ. धूळ आज घेतली तर आजार वीस ते चाळीस वर्षांनी दिसतो. तोवर कामगार रिटायर, कंत्राटदार गायब आणि डॉक्टर विचारतात, "विडी ओढता का?" कामाचं कोणी विचारतच नाही.

हे आपल्या सुप्रीम कोर्टाने फार पूर्वी ओळखलं होतं. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर जानेवारी १९९५ मध्ये निकाल आला, की ॲस्बेस्टॉस कामगाराच्या तब्येतीची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची. निकाल चांगलाच आहे. पण दर दोन महिन्यांनी गेट बदलणाऱ्या काकांची नोंद ठेवणार कोण? मुंबईतल्या एका ॲस्बेस्टॉस कारखान्याच्या कामगारांना डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी तपासलं, २००५ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला, तेव्हा बऱ्याच जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. ते एका जागी, युनियनमध्ये होते म्हणून सापडले तरी.

साठाहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातलीय. आपल्याकडे खाणींचे परवाने देणं बंद झालं, पण पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून येतं आणि मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांत जातं. पत्रा धड असेल तर घाबरून जायचं कारण नाही, तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. तो फोडला, ग्राइंडरने कापला, ड्रिल मारलं की सुटतात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्या रायगडात असे पत्रे पानांसारखे उडाले. नंतर सगळं गाव तुकडे गोळा करत होतं, मीही. कोरड्या झाडूने! खरं तर आधी पाणी मारायचं, ओले तुकडे जाड पिशवीत भरायचे, तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही. आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुवायचे नाहीत. नवऱ्याचे धुळीचे कपडे झटकून आजारी पडलेल्या बायकांच्या नोंदी परदेशात आहेत. हॉस्टेलच्या सायकल शेडवर बॉल काढायला चढणाऱ्यांनी आणि दोरी बांधायला पत्र्याला भोक पाडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

काकांकडे एका प्लास्टिकच्या पिशवीत जुने गेटपास निघाले, काही तर अगदी पुसट झालेले. आम्ही दोघांनी बसून एका वहीत सगळं लिहून काढलं: कोणतं साल, कुठला प्लांट, किती महिने, दोरी की पावडर. पुढच्या महिन्यात ते छातीच्या डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर नेणार आहेत. पहिल्या ओळीत १९८६ आहे.