राबाच्या राखेतलं रसायनशास्त्र

मावळात भाताच्या रोपासाठी राब कसा भाजतात हे मी तुम्हाला सांगायला नको. शेण, कवळं, पालापाचोळा पसरून उन्हाळ्यात जमीन भाजायची आणि पावसाच्या तोंडावर बी फेकायचं, ही वाडवडिलांची रीत. पण या राखेवरून एका पोरीनं मला भर सभेत अडवलं.

आंदर मावळातल्या एका वाडीवर देवळात शेतकरी मेळावा होता. राब न भाजता गादीवाफ्यावर रोप कसं करायचं, हे मी सांगत होतो. तेवढ्यात दहावीतली एक मुलगी पुढे आली. शाळेत हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद तिच्याकडं होते. एका वाटीत तिनं राबाची राख कालवली आणि निथळलेल्या पाण्यात कागद बुडवला, तो लाल झाला. दुसऱ्या वाटीत रानातली माती होती, तिथं कागद पिवळाच राहिला. म्हणाली, "सर, चुन्यानंही कागद असाच लाल होतो. मग राख आणि चुना एकाच जातीचे का?"

मागून एक म्हातारबाबा बोलले, "अगं, हळदीत चुना घातला की कुंकू होतंय!" सगळे हसले. पण खरं तेच आहे. राख आणि चुना दोन्ही आम्लारीधर्मी. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्ल, आम्लारीचा धडा आहे, तोच हा.

आता शेताकडं बघा. लोणावळ्याच्या बाजूला पाऊस धो धो पडतो. जमिनीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम त्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि माती आम्लतेकडं झुकते. राबाची राख पालाश आणि थोडा चुना परत देते, म्हणून रोप जोमदार दिसतं. भाजल्यानं तणाचं बीही मरतं. मात्र शेणातलं नत्र धुराबरोबर वर निघून जातं. आजोबांचं काही चुकलं नव्हतं, पण अर्धा हिशोब धुरात जात होता.

युरियाचंही तसंच. युरियात नत्र ४६ टक्के. साचलेल्या पाण्यात तो नुसता फेकला तर त्याचा अमोनिया होतो आणि बराचसा हवेत उडतो. डॉ. ना. कृ. सावंतांनी चारसूत्री भातशेतीत युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मध्ये ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायला सांगितली ती याचसाठी. चिखलात हवा पोचत नाही, नत्र मातीच्या कणांना धरून राहतं आणि मुळांना हळूहळू मिळतं. "नुसतं फेकलं की भागतंय, एवढा वेळ कुणाला?" असं म्हणणाऱ्याला मी हे दहा वेळा सांगितलंय. घरातलं शिकलेलं पोर सांगेल तेव्हा लवकर पटेल.

इथं स्वतःचंही सांगतो. दहावीला मला गुण बरे होते, पण अकरावी सायन्स इंग्रजीतून, या धास्तीनं मी कृषी पदविका धरली. पदविकेनं भाकरी दिली, तक्रार नाही. पण माती परीक्षणाचा अहवाल हातात घेऊन 'सामू ५.८' म्हणजे नेमकं काय, हे समजायला मला नोकरीत येऊन पुन्हा पुस्तकं उघडावी लागली. इंग्रजीची भीती पहिले सहा महिने असते. मराठी पुस्तक शेजारी ठेवून वाचलं तर ती जाते.

आणि हे शास्त्र काही परकं नाही. हळदीनं जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असताना, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते १९९७ साली रद्द करवून घेतलं. माशेलकर महापालिकेच्या शाळेत शिकलेले रसायन अभियंते. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून पाषाण रस्त्याला उभी आहे, लोकल धरली तर आपल्यापासून किती लांब? आपला इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, आंबेमोहोराच्या वंशातला. आंबेमोहोराचा जो वास येतो, त्यामागं मुख्यतः टू-ॲसिटिल-वन-पायरोलिन नावाचं एक रसायन आहे. भात लावणाऱ्याच्या पोरानं ते प्रयोगशाळेत मोजू नये का?

बारावी विज्ञान झालं की कृषी पदवी, औषधनिर्माण, रसायनशास्त्रातली बी.एस्सी. अशा वाटा मोकळ्या होतात. दूध डेअरी, पाणी शुद्धीकरण, माती परीक्षण, औषधांचे कारखाने, सगळीकडं रसायन जाणणारा माणूस लागतो. जमीन विकून बंगल्यावर राखणदारी करण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटतं.

सरपंच मंडळींना एक विनंती. भात कापणीनंतर हायस्कूलच्या मुलांकडून गावातले मातीचे नमुने काढून घ्या. खड्डा इंग्रजी व्ही आकाराचा, वीतभर खोल. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची माती नको. शेतात सात-आठ ठिकाणची माती मिसळून अर्धा किलो ठेवायची, स्वच्छ कापडी पिशवीत. खताच्या रिकाम्या गोणीत आणू नका. मागं एकानं आणली होती, अहवालात खताचंच प्रमाण निघालं! शाळेला थोड्या परीक्षानळ्या आणि लिटमस कागद घेऊन द्या, खर्च फार नाही.

त्या मुलीच्या वडिलांना मी नंतर भेटलो. ते म्हणाले, "सायन्स म्हणजे क्लास, आणि क्लास म्हणजे पैसे. शिवाय कॉलेजला रोज तळेगावला जायचं." अडचण खरी आहे. मी शिष्यवृत्तीची, एसटीच्या मुलींच्या पासाची माहिती दिली. ते विचार करतो म्हणाले. दहावीचा निकाल लागला की पुन्हा त्यांच्याकडं जाणार आहे.