चार कोटी अंकांची मूळ संख्या : पडताळणी होते तरी कशी?

आजवर ज्ञात झालेल्या प्रचंड मूळ संख्यांपैकी एक संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांनी शोधून काढली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात काढून त्यातून १ वजा केल्यास ही संख्या मिळते. डिसेंबर २०१८ मध्ये सापडलेल्या यापूर्वीच्या विक्रमी संख्येत २,४८,६२,०४८ अंक होते.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. मात्र चार कोटी अंकांच्या संख्येला एकेका विभाजकाने भागून पाहू लागल्यास विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल. मग ती मूळ आहे, हे निश्चितपणे कसे सांगता येते?

याचे उत्तर तिच्या विशिष्ट रूपात आहे. २ च्या घातातून १ वजा करून मिळणाऱ्या संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक मारँ मर्सेन यांच्या नावाने ओळखले जाते. अशी संख्या मूळ असण्यासाठी तिचा घातांक मूळ असावा लागतो. परंतु तेवढे पुरेसे नसते. ११ ही मूळ संख्या आहे. तरीही २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यास येणारी २,०४७ ही संख्या २३ आणि ८९ यांचा गुणाकार आहे.

ल्युका-लेमर कसोटी

निर्णय देणारी कसोटी फ्रान्सचे एद्वार्द ल्युका व अमेरिकेचे डेरिक लेमर यांच्या नावे आहे. ४ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी वर्ग करावा, २ वजा करावेत आणि मर्सेन संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यावी. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा ही कृती केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ होय. ३१ साठी घातांक ५, म्हणून तीन पायऱ्या : १४, नंतर १९४ ची बाकी ८, शेवटी ६२ ची बाकी शून्य. म्हणजेच ३१ मूळ आहे.

द्विमान पद्धतीत मर्सेन संख्या म्हणजे केवळ १ या अंकांची रांग. त्यामुळे संगणकाला प्रत्यक्ष भागाकार न करता अंक सरकवून व बेरीज करून बाकी काढता येते. नव्या संख्येची संभाव्यता ११ ऑक्टोबर रोजी डब्लिनमधील संगणकाने दर्शवली आणि दुसऱ्याच दिवशी टेक्सासमधील यंत्राने या कसोटीद्वारे ती सिद्ध केली. १९९६ पासून स्वयंसेवकांच्या संगणकांवर चालणाऱ्या ‘जिम्प्स’ या प्रकल्पाचे हे फलित होय.

कोणतीही संख्या मूळ आहे किंवा नाही, हे खात्रीने व वाजवी वेळेत ठरवणारी सर्वसाधारण रीत कानपूर आयआयटीचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मांडली. तथापि मर्सेन संख्यांसाठी ल्युका-लेमर कसोटीच अधिक वेगवान ठरते.

उपयोग काय?

बँक व्यवहारांच्या सांकेतिक सुरक्षेसाठी काही शे अंकांच्या मूळ संख्या पुरतात. या महासंख्येचा तेथे उपयोग नाही. तिचे महत्त्व गणितीय आहे. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक सम परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या. उदाहरणार्थ, ३ पासून ६ आणि ७ पासून २८.

ड्युरंट यांची संख्या ही ज्ञात मर्सेन मूळ संख्यांपैकी ५२ वी. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले. मर्सेन मूळ संख्याही अनंत आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र अद्याप कोणालाही देता आलेले नाही.