बाटलींतील जीव

“सर, शास्त्रज्ञांनीं बाटलींत जीव तयार केला, हें खरें काय?” असा प्रश्न नववींतील एका विद्यार्थ्यानें मला विचारिला. तोंच घंटा झाली व उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करितों.

बाटली खरी, जीव मात्र तींत झाला नाहीं. इ. स. १९५२ सालीं शिकागो विद्यापीठांत स्टॅन्ले मिलर या तरुण विद्यार्थ्यानें, आपले गुरु हॅरल्ड यूरी यांच्या मार्गदर्शनाखालीं, काचेच्या बंद उपकरणांत उकळतें पाणी, मिथेन, अमोनिया व हायड्रोजन घालून त्या वायूंतून विजेच्या ठिणग्या सोडिल्या. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी दिसूं लागलें. आठवड्याअखेर तें गडद लाल झालें. त्यांत ग्लायसीन, ॲलनीन हीं अमिनो आम्लें सांपडलीं. आपल्या शरीरांतील प्रथिनें अशाच द्रव्यांचीं घडलेलीं असतात. आद्य पृथ्वीवरील हवा अशी नसावी, असा आक्षेप पुढें निघाला, व तो बराचसा योग्य आहे; परंतु १९६९ सालीं ऑस्ट्रेलियांत मर्चिसन येथें पडलेल्या अशनींतहि अमिनो आम्लें मिळालीं. अर्थात् जीवाच्या या विटा दुर्मिळ नाहींत.

खरी अडचण फॉस्फरसची. त्यावांचून आनुवंशिक द्रव्याची सांखळी गुंफली जात नाहीं. आणि साध्या पाण्यांत तो अत्यल्प, कारण कॅल्शियम त्याला धरून न विरघळणारें खनिज बनवितें. मग कॅल्शियमलाच कोणीं अडकवून ठेविलें तर? विहिरीचें जड पाणी तापवितांना भांड्यास आंतून पांढरा थर बसतो, हें आपल्या मातांनीं नित्य पाहिलें आहे. त्या थरांत कॅल्शियम कार्बोनेटशीं बांधलें गेलेलें असतें. पापडखाराच्या जातीच्या सोड्यानें भरलेल्या सरोवरांत हेंच मोठ्या प्रमाणावर घडतें व फॉस्फेट पाण्यांत मोकळें राहतें, असें २०२० सालीं वॉशिंग्टन विद्यापीठांतील टोनर व कॅटलिंग यांनीं दाखविलें.

सोड्याचें असें एक सरोवर आपल्या महाराष्ट्रांतच, बुलढाणा जिल्ह्यांत आहे, तें लोणार. बेलपाड्याजवळच्या डोंगरांचा जो काळा दगड, त्याच दख्खनी बेसाल्टांत अशनीच्या आघातानें पडलेला तो सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचा खळगा होय. जीव लोणारास जन्मला, असें मात्र कोणीं समजूं नये. जीवाच्या खुणा सुमारें ३५० कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत मिळतात. हा काळा दगडच साडेसहा कोटि वर्षांचा! लोणार हा केवळ नमुना.

जून २०२० मध्यें लोणारचें पाणीहि गुलाबी झालें होतें. तो रंग मात्र क्षारप्रिय सूक्ष्म जीवांचा होता. आज अशा पाण्यांत एखादें पोषक द्रव्य आपोआप तयार झालें, तरी हे जीव तें तत्काळ फस्त करितील. म्हणूनच तो आरंभींचा खेळ आज कोणत्याहि तळ्याकांठीं पाहावयास मिळत नाहीं; त्यासाठीं निर्जंतुक बाटलीच घ्यावी लागते.